ओला दाणा, कोरडा दाणा: प्लास्टिक मोल्डिंग आणि ओलाव्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीतल्या एका लहान मोल्डिंग शॉपमध्ये मी बरीच वर्षं आधी मशीनवर आणि मग क्वालिटीला काम केलं. जून उजाडला की तेच तेच प्रश्न सुरू व्हायचे: ऑपरेटरचे, नव्या इंजिनिअरचे, कस्टमरचे, आणि घरी आलेल्या पाहुण्यांचेही. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. इंजेक्शन मोल्डिंग म्हणजे प्लास्टिकचे दाणे बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या गरम नळीत, वितळवायचे, तो माल दाबाने मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, भरायचा आणि थंड झालेला पार्ट बाहेर काढायचा. आकडे नेहमीच्या ग्रेडचे आहेत. तुमच्या बॅगेसोबत आलेल्या डेटाशीटमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

एकाच मटेरिअलचे दोन पार्ट. एक वर्षानुवर्षं टिकतो, दुसरा स्क्रू पिळतानाच तडकतो. असं का?

डेटाशीटवरची ताकद पार्टची नसते, चाचणीसाठी बनवलेल्या छोट्या पट्टीची असते. ती पट्टी नीट सुकवलेल्या दाण्याची, योग्य तापमानाच्या मोल्डमधली, एका टोकाने भरलेली आणि मध्ये कुठेही जोड नसलेली असते. तुमच्या पार्टला भोकं आहेत, कोपरे आहेत, दोन-तीन गेट (माल आत शिरायची तोंडं) आहेत. त्यात दाणा रात्रपाळीत कोणी कसा सुकवला याचाही फरक पडतो. बॅग फोडल्यापासून पार्ट बाहेर पडेपर्यंत जे घडतं, त्यावर पार्टची खरी ताकद ठरते. त्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे पाणी.

प्लास्टिक तर वॉटरप्रूफ. त्यात पाणी शिरतंच कसं?

सगळ्यांत शिरत नाही. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्यांना, म्हणजे त्यांच्या लांबलचक रेणूंना, पाण्याचं आकर्षणच नाही. त्यांच्या दाण्यावर पाणी बसलं तरी ते वरवरचं असतं, फडक्याने पुसलं जाईल असं. नायलॉनचं मात्र उलटं आहे. त्याच्या साखळीत ठरावीक अंतरावर अमाइडचे गट असतात आणि पाण्याचे रेणू तिथे येऊन धरून बसतात. नायलॉन ६ बराच काळ पाण्यात बुडवून ठेवलं तर वजनाच्या ९ ते १० टक्के पाणी पितं. नुसत्या हवेत, ५० टक्के आर्द्रतेलाही, अडीच-तीन टक्के घेतंच.

पॉलिकार्बोनेट (शॉपमधल्या भाषेत पीसी), पीईटी, पीबीटी, एबीएस, अ‍ॅक्रिलिक ही सगळी मधली मंडळी. ती थोडंच पाणी घेतात. पण थोडं घेतात म्हणून निर्धास्त राहणं हीच मोठी चूक, कारण पीसी आणि पीईटी या थोड्या पाण्यानेच बरबाद होतात.

ओला दाणा बॅरलमध्ये गेला की नेमकं काय होतं?

दोन गोष्टी होतात. एक डोळ्यांना दिसते, दुसरी दिसत नाही.

दिसणारी अशी. पाण्याची वाफ झाली की ते दीड हजार पटींहून जास्त फुगतं. बॅरलमध्ये दाबाखाली ही वाफ वितळलेल्या मालात दडून राहते. मोल्डमध्ये शिरताना दाब सुटला की बुडबुडे फुटतात आणि पुढे सरकणाऱ्या मालाबरोबर पृष्ठभागावर ओढले जातात. यालाच आपण सिल्व्हर म्हणतो: गेटपासून पंख्यासारख्या पसरलेल्या चंदेरी रेघा. नायलॉन ओलं असेल तर नोझलमधून, म्हणजे बॅरलच्या तोंडातून, मालाची लाळ गळायला लागते आणि परज केलेला, म्हणजे मोल्डमध्ये न भरता बाहेर सोडलेला, लोंदा फेसाळ, पावासारखा फुगलेला दिसतो. ऑपरेटरचा कानही तयार असतो. ओल्या मालाचा परज तडतडतो.

न दिसणारी गोष्ट जास्त वाईट. पीसी, पीईटी, पीबीटी यांच्या साखळीत असे जोड आहेत जे गरम पाण्याने तुटतात. याला हायड्रोलिसिस म्हणतात. पाण्याचा एक रेणू साखळीचा एक जोड तोडतो. पाण्याचा रेणू अगदी हलका आणि पॉलिमरची साखळी त्याच्या शेकडो पट जड, त्यामुळे थोडं पाणीही पुष्कळ साखळ्यांना पुरतं. हिशेब करून बघा. पीसीच्या २५ किलोच्या बॅगेत पावसाळी हवेत ४० ग्रॅमच्या आसपास पाणी शिरतं. रेणू मोजले तर तेवढं पाणी बॅगेतल्या जवळजवळ प्रत्येक साखळीवर एक घाव घालायला पुरेसं आहे. बॅरलमधल्या चार-पाच मिनिटांत सगळं पाणी कामाला लागत नाही हे खरं, पण जेवढं लागतं तेवढ्यानेही चिवट पीसी ठिसूळ होतं. पीसी घ्यायचं ते त्याच्या चिवटपणासाठी, आणि नेमका तोच जातो.

एबीएस या बाबतीत दयाळू आहे. ओलं चालवलं तर सिल्व्हर येतं, पार्ट दिसायला खराब होतो, पण साखळ्या तुटत नाहीत.

पार्टवर सिल्व्हर नाही. म्हणजे दाणा कोरडा होता ना?

नाही. हा गैरसमज मला मोडून काढायचा आहे, कारण त्याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे.

जुलैतल्या एका आठवड्यात आमच्याकडे पीसीचं पारदर्शक कव्हर चालू होतं. पार्ट काचेसारखा स्वच्छ, मापं बरोबर, तपासणीत पास. कस्टमरकडे असेंब्लीत स्क्रू घट्ट करताच बॉसच्या (स्क्रू बसतो त्या उभ्या नळीच्या) मुळाशी बारीक तडा जाऊ लागला. शंभरात आठ-दहा पार्ट जायचे. आम्ही मोल्ड तपासला, स्क्रूचा टॉर्क तपासला, बॉसची जाडी पुन्हा मोजली. मग एका रात्री मी शिफ्टलाच थांबलो. पहाटे तीनच्या सुमारास हॉपर (मशीनवरचा दाण्याचा डबा, ज्यात माल सुकतो) रिकामा होत आला तसा नवा माल वरून ओतला गेला आणि मशीन एक मिनिटही न थांबता चालत राहिलं. पहिल्या शिफ्टचा माल चार तास सुकत होता, रात्रीचा माल जेमतेम तासभर. एवढं पाणी सिल्व्हर यायला कमी पडतं, पण साखळ्या तोडायला पुरतं. रात्रीचे आणि दिवसाचे पार्ट वेगळे काढून हातोडीने तोडून बघितले. दिवसाचा पार्ट वाकला, चेपला, पण तुटला नाही. रात्रीच्या पार्टचे काचेसारखे तुकडे उडाले.

दिसायला दोन्ही पार्ट अगदी सारखे होते.

असा बिघडलेला पार्ट ओव्हनमध्ये ठेवून सुधारता येतो का?

नाही. तुटलेली साखळी सुकवून जोडली जात नाही. तो माल दळून पुन्हा वापरला तर खराबी चांगल्या मालातही जाते.

मग नायलॉनचे पार्ट मुद्दाम पाण्यात का उकळतात? इथे पाणी चालतं कसं?

पाणी कधी भेटतं, त्यावर सगळं आहे. वितळलेल्या अवस्थेत भेटलं तर ते साखळी तोडतं आणि नुकसान कायमचं होतं. पार्ट तयार होऊन थंड झाल्यावर नायलॉनला पाणी भेटलं तर ते साखळ्यांच्या मधे जाऊन बसतं, त्यांची एकमेकींवरची पकड सैल करतं, आणि पार्ट लवचिक होतो. पाणी निघून गेलं की पार्ट पुन्हा कडक.

मोल्डमधून नुकताच निघालेला नायलॉनचा पार्ट पूर्ण कोरडा असतो. तो ताठ असतो, पण आपटला तर फुटतो. डेटाशीटमध्ये म्हणूनच दोन रकाने असतात: मोल्डमधून निघताना कोरडा, आणि हवेतला ओलावा घेऊन स्थिरावलेला. ग्लास फायबर (काचेचे तंतू) न घातलेल्या नायलॉन ६६ चा ताठरपणा कोरडा असताना ३००० मेगापास्कलच्या आसपास असतो. ओलावा घेतल्यावर तो जवळपास निम्म्यावर येतो. बदल्यात आघात सोसण्याची ताकद कितीतरी वाढते. डिझाइन करताना पहिल्या रकान्यातला आकडा धरला तर ब्रॅकेट पावसाळ्यात वाकतो. दुसरा धरला आणि पार्ट त्याच दिवशी क्लिप करून बसवायला घेतला तर क्लिप तुटते.

केबल टाय हे यातलं रोजचं उदाहरण. ती नायलॉन ६६ ची असते आणि घट्ट बंद पिशवीत येते. कारण पिशवीतला ओलावा तिला हवा असतो. पिशवी फोडून टाय उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये पडल्या, विशेषतः नागपूर-चंद्रपूरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात, तर ओढताना डोक्याजवळ कट्कन तुटतात. इलेक्ट्रिशियन म्हणतो माल डुप्लिकेट आहे. बऱ्याचदा तो फक्त सुकलेला असतो. एखादा दिवस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि मग वापरून बघा. मात्र टाय उन्हातच पडून असतील तर अतिनील किरणांनी झालेलं नुकसान पाण्याने भरून येत नाही.

उकळणं हा घाईचा उपाय. थोडं पाणी घालून पार्ट जाड पॉलिथिनच्या पिशवीत बंद करून काही दिवस ठेवणं जास्त सौम्य. लॅबमध्ये ७० अंश आणि ६२ टक्के आर्द्रतेच्या कपाटात पार्ट ठेवतात. पाणी आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो: जाडी दुप्पट तर वेळ चौपट. त्यामुळे जाड पार्ट तासभर उकळला तर फक्त वरचा थर ओला होतो, आतला भाग कोरडाच राहतो.

नायलॉनची बुशिंग पावसाळ्यात अडकते. मोल्डचा दोष?

बहुतेक वेळा नाही. पाणी प्यायलं की नायलॉन फुगतं, एक टक्का ओलाव्यामागे लांबीत साधारण ०.२ ते ०.३ टक्के. १०० मिलिमीटरच्या पार्टने अडीच टक्के ओलावा घेतला तर तो अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतो. मापं कोणत्या अवस्थेत घ्यायची हे ड्रॉइंगवर लिहून घ्या. ते लिहिलेलं नसेल तर कस्टमर आणि तुम्ही दोघंही बरोबर असूनही भांडाल. मापात हालचाल नकोच असेल तर पीओएम (अ‍ॅसिटल प्लास्टिक) किंवा नायलॉन १२ चा विचार करा.

कोणता माल किती सुकवायचा?

एबीएस ८० अंशांना दोन ते चार तास. नायलॉन ८० अंशांना चार ते सहा तास, ओलावा ०.२ टक्क्यांच्या खाली. पीसी १२० अंशांना तीन-चार तास, ०.०२ टक्क्यांच्या खाली. पीबीटी १२० अंशांना चार तास. बाटलीचं पीईटी १६० ते १७५ अंशांना चार ते सहा तास, ओलावा ०.००५ टक्क्यांच्या खाली.

हे आकडे कागदावर निर्जीव वाटतात, म्हणून मी नव्या मुलांना चमच्याने सांगतो. २५ किलोच्या बॅगेत नायलॉनला ५० ग्रॅम पाणी चालतं, म्हणजे अर्धा कप चहा. पीसीला ५ ग्रॅम, एक छोटा चमचा. पीईटीला सव्वा ग्रॅम, म्हणजे ड्रॉपरचे पंचवीसेक थेंब, पूर्ण बॅगेत.

पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीनला सहसा सुकवायची गरज नाही. अपवाद टाल्क (खनिजाची पूड) भरलेल्या मालाचा आणि काळ्या मास्टरबॅचचा (रंगासाठी मिसळायच्या दाण्यांचा). प्लास्टिक पाणी घेत नाही, पण त्यातला भरणा घेतो.

हॉट एअर ड्रायर आहे. पावसाळ्यात तो पुरत नाही का?

एबीएसला बहुधा पुरतो. नायलॉन, पीसी आणि पीईटीच्या बाबतीत त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

हॉट एअर ड्रायर शॉपमधलीच हवा ओढतो, तापवतो आणि दाण्यातून फिरवतो. पुण्यात जुलैत २५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की एका घनमीटर हवेत २० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. हवा तापवली म्हणून त्यातलं पाणी कुठे जात नाही. त्या हवेने ८० अंशांवर नायलॉन सुकवायला घेतलं तर ओलावा एका मर्यादेपर्यंत उतरतो आणि थांबतो. मग आठ तास ठेवा की बारा. डीह्युमिडिफायिंग ड्रायर हवा आधी मॉलिक्युलर सिव्हच्या (ओलावा शोषून घेणाऱ्या) दाण्यांतून नेतो आणि तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन धरतं तो, उणे ४० अंशांपर्यंत खाली आणतो. त्या हवेत घनमीटरमागे ग्रॅमच्या आठव्या हिश्श्याएवढंच पाणी उरतं. फरक इतका मोठा आहे.

पण ड्रायर महाग आहे म्हणून तो चालतोच असं धरू नका. फिल्टर तुंबतो, होस फाटतो, सिव्ह पुन्हा तापवून कोरडं करणारा हीटर जळतो, आणि पॅनेलवरचं तापमान मात्र बरोबर दिसत राहतं. परत येणारी हवा फार गरम असेल तर सिव्ह पाणी धरत नाही, म्हणून मधला कूलर चालू आहे का बघा. दवबिंदू मोजणारं मीटर बसवून घ्या.

आणि हॉपरचं माप. मशीन ताशी १५ किलो खात असेल आणि माल चार तास सुकायला हवा असेल, तर ६० किलोचा हॉपर लागतो. २५ किलोच्या हॉपरमध्ये दाणा दोन तासही थांबत नाही. वर सांगितलेली रात्रपाळीची गोष्ट याच हिशेबाची होती.

जास्त वेळ सुकवलं तर बरंच ना?

नाही. नायलॉन गरम हवेत फार वेळ राहिलं तर पिवळं पडतं. गरजेपेक्षा कोरडं झालं तर वितळल्यावर घट्ट वाहतं आणि पातळ भिंती भरत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबलं तर ड्रायरचं तापमान उतरवा.

महागडं यंत्र नसेल तर ओलावा कसा ओळखायचा?

हॉटप्लेट साधारण २७० अंशांवर ठेवा. तिच्यावर काचेच्या दोन स्लाइड तापू द्या. एकीवर चार-पाच दाणे ठेवा, वरून दुसरी ठेवून काडीने दाबा, दाणे सपाट टिकलीएवढे होईपर्यंत. मग उजेडाकडे धरून बघा. एखाद-दुसरा बुडबुडा असेल तर ती अडकलेली हवा. दाण्यादाण्यात बुडबुड्यांची रांगोळी दिसली तर माल ओला. ही चाचणी आकडा देत नाही, पण मशीन चालू करायचं की नाही याचं उत्तर पाच मिनिटांत देते. नेमका आकडा हवा असेल तर कार्ल फिशर पद्धतीने मोजून घ्या. ती फक्त पाणीच मोजते. गरम करून वजनातली घट मोजणारी यंत्रं बाकीचे उडून जाणारे पदार्थही पाण्याच्या खात्यात जमा करतात.

बॅग फोडल्यावर किती वेळ चालते?

नायलॉनची फॉइलची बॅग फोडून पावसाळ्यात उघडी ठेवली तर तिचा कोरडेपणा पहिल्याच काही तासांत जातो. उरलेला माल लगेच तोंड वळून हीटसील करा. एसी स्टोअरमधून आणलेली बॅग लगेच फोडू नका. थंड दाण्यावर दव धरतं, चष्म्यावर धरतं तसंच.

पावसाळ्यात मोल्डलाच घाम येतो. त्याने काही बिघडतं?

हो. दाणा कितीही कोरडा असला तरी बिघडतं. मोल्ड थंड ठेवणाऱ्या चिलरचं पाणी १० अंशांवर आणि शॉपच्या हवेचा दवबिंदू २२, मग मोल्डच्या पोकळीत थेंब धरणारच. पार्टवर पाण्याचे डाग उमटतात, सिल्व्हरचा भास होतो, सगळे ड्रायरला दोष देतात. बोट फिरवून बघा, ओलं लागेल. मोल्डचं पाणी दवबिंदूच्या वर आणा. पीईटीच्या प्रीफॉर्मला (जिला फुगवून बाटली होते त्या नळीला) पाणी थंडच लागतं, त्यामुळे तिथे मोल्डभोवती कोरडी हवा सोडतात. काम संपल्यावर चिलर आधी बंद करा, मोल्ड पुसा, गंज प्रतिबंधक मारा.

पाण्याचं समजलं. मोल्डिंगच्या सेटिंगने काय बदलतं?

सर्वांत जास्त फरक मोल्डच्या तापमानाने पडतो. नायलॉन, पीओएम, पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीबीटी थंड होताना त्यांच्या साखळ्यांचा काही भाग शिस्तीत रचला जातो, म्हणजे स्फटिक बनतात. मोल्ड थंड ठेवून सायकल टाइम वाचवला तर साखळ्यांना रचायला वेळ मिळत नाही. पार्ट मापात निघतो, पण राहिलेलं रचणं पुढचे काही दिवस किंवा पहिल्यांदा तापल्यावर चालू राहतं आणि पार्ट आक्रसतो. पीओएमचं गिअर संध्याकाळी पास होऊन महिन्याने ढिलं होतं ते यामुळे. सायकलमागे वाचवलेले चार सेकंद पुढे महागात पडतात.

पीसी आणि एबीएसमध्ये स्फटिक नसतात, तिथे प्रश्न गोठलेल्या ताणाचा. थंड मोल्ड आणि जास्त पॅकिंगमुळे (भरलेल्या मोल्डमध्ये आणखी माल दाबून ठासल्यामुळे) ताण आत राहतो. मग कोणी पार्ट थिनरने पुसला की जाळ्यासारखे तडे पसरतात. हेल्मेटची काच पेट्रोलने किंवा थिनरने कधीच पुसू नका, साबणाचं पाणी पुरतं.

दुसरी गोष्ट वेल्ड लाइन. भोकाभोवतून वाहणारे दोन प्रवाह पलीकडे भेटतात तिथे साखळ्या पूर्ण गुंतत नाहीत. ग्लास फायबर असेल तर अवस्था आणखी वाईट, कारण फायबर जोड ओलांडून जात नाहीत, जोडाला समांतर झोपतात. ३० टक्के ग्लासच्या मालाची तिथली ताकद निम्मी उरली तर नवल नाही. शिवाय फायबर प्रवाहाच्या दिशेने झोपतात, त्यामुळे पार्ट एका दिशेने कमी आणि आडवा जास्त आक्रसतो, आणि वाकतो. गेट कुठे द्यायचं हा निर्णय म्हणून ताकदीचाच निर्णय आहे. मोल्ड बनायच्या आधी तो बसून घ्या.

पद्धतच बदलली तर तेच प्लास्टिक वेगळं वागतं का?

अगदी वेगळं, आणि घरातच बघता येतं. प्लास्टिकची सुतळी उभी सहज चिरते, आडवी तुटता तुटत नाही. पीपीची पट्टी पाच-सहा पट ओढून साखळ्या एका दिशेला लावलेल्या असतात. खताच्या पोत्याची पट्टीही अशीच. शाम्पूच्या बाटलीचं झाकण आणि त्याची बिजागरी एकाच पीपीची असते. मोल्डमधून निघताच गरम असताना बिजागरी वाकवली की तिच्यातल्या साखळ्या आडव्या लागतात, आणि कागदाएवढ्या जाडीची ती पट्टी लाखो वेळा उघडमिट सोसते.

पाण्याच्या बाटलीत कढत पाणी ओतलं तर ती आक्रसते. ती प्रीफॉर्म तापवून, ताणून, फुगवून बनवलेली असते आणि ताणलेल्या साखळ्या तशाच गोठवलेल्या असतात. पीईटी ७५ अंशांच्या आसपास मऊ पडू लागलं की त्या मागे फिरतात. या ताणण्यानेच तिला सोड्याचा दाब सोसायची ताकद मिळते.

गच्चीवरची टाकी रोटोमोल्डिंगची. पॉलिथिलीनची पावडर भट्टीत फिरत्या साच्यात वितळते, दाब अजिबात नाही, थंड होणं सावकाश, त्यामुळे आत ताण कमी. तिथे सगळं भट्टीतल्या वेळावर. कमी शिजली तर भिंतीत बुडबुडे राहतात, जास्त शिजली तर आतली बाजू पिवळी पडून ठिसूळ होते. इंजेक्शनची बादली उलटी करून बघा. तळाच्या मधोमध टिकली दिसेल, ते गेट. तळाचा तडा बऱ्याचदा तिथूनच निघतो.

रनर (गेटपर्यंतच्या वाटेत गोठलेला, पार्टबरोबर निघणारा माल) दळून पुन्हा वापरले तर चालतं?

ठरावीक प्रमाणात. २५ टक्क्यांची मर्यादा अनेक ठिकाणी पाळली जाते. पण दळलेला माल नव्या दाण्यापेक्षा लवकर ओलावा धरतो, त्याची पूड बॅरलमध्ये जळते, आणि ग्लास फायबर प्रत्येक फेरीत आखूड होतात. रनर पडल्या पडल्या दळून वापरा, पोत्यात महिनाभर साठवू नका.

पार्ट फील्डमध्ये तुटला. सुरुवात कुठून करायची?

तुटलेला तुकडा फेकू नका, तडा जुळवून बघू नका, पिशवीत बंद करा. तुटीची सुरुवात कुठे आहे ते बघा: गेटजवळ, वेल्ड लाइनवर, की टोकदार कोपऱ्यात. मग त्याच लॉटचा दाणा आणि पार्टचा तुकडा दोन्ही नीट सुकवून एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो याचा आकडा; साखळ्या तुटल्या की तो वाढतो) काढून घ्या. सिपेट या प्लास्टिकच्या सरकारी संस्थेच्या छत्रपती संभाजीनगर केंद्रात किंवा कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये होतं. पीसीच्या दाण्याचा आकडा १० आणि पार्टचा १२-१३ आला तर ती मोल्डिंगमधली नेहमीची झीज. १८-२० आला तर साखळ्या तुटल्या आहेत, आणि मग ड्रायरची वही उघडायची: कोणत्या तारखेला, कोणत्या शिफ्टला, किती वाजता माल भरला, किती वाजता पहिला शॉट मारला. ही वही नसेल तर आजपासून हॉपरला दोरीने बांधून ठेवा, पेनासकट.